घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर खासगी फोल्डर पुन्हा पुन्हा उघडं पडतंय? आधी खातं तपासा

तक्रार साधारण अशी असते. घरात कॉम्प्युटर एकच, वापरणारे तिघं-चौघं. कुणाची त्यात डायरी असते, कुणाचे वैद्यकीय रिपोर्ट, कुणाचे नोकरीचे अर्ज, कुणाचे बँकेचे कागद. फोल्डर लपवलं, तरी कुणाच्या तरी समोर आलंच. मग एखादं 'फोल्डर लॉक' सॉफ्टवेअर टाकलं, तर विंडोज नव्याने टाकल्यावर ते उडालं आणि आतल्या फाइल्स उघडेनात. मग परमिशन बदलल्या, तर स्वतःलाच आत जाता येईना. सगळं पूर्ववत केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ही अडचण सारखी उलटते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सगळे जण एकाच खात्यातून, म्हणजे एकाच लॉगिनने, कॉम्प्युटर वापरत असतात. फाइल कुणाची आणि ती कुणाला उघडू द्यायची, हे ऑपरेटिंग सिस्टिम खात्यावरून ठरवते. कीबोर्डसमोर कोण बसलंय हे तिला कळायला मार्ग नाही. खातं सगळ्यांचं एकच असेल तर तिच्या लेखी माणूसही एकच, आणि त्या माणसाला स्वतःचं फोल्डर उघडायला ती का अडवेल? म्हणून फोल्डरसाठी कुलूप शोधण्याआधी खाती वेगळी करा. पुढचं बरंचसं विंडोज 10 आणि 11 धरून लिहिलंय. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी ठरवा, कुणापासून जपायचंय

हा प्रश्न सोडून थेट सॉफ्टवेअर डाउनलोड करण्यात वेळ फार जातो. लहान मुलाच्या हातून फाइल पुसली जाऊ नये, पाहुण्यांसमोर स्क्रीनवर नको ते येऊ नये, एवढीच गरज असेल तर वेगळं खातं आणि पासवर्ड पुरे. घरातलं कुणी मुद्दाम बघेल अशी शंका असेल आणि त्या व्यक्तीकडे कॉम्प्युटरचे अ‍ॅडमिन अधिकार (म्हणजे सगळी खाती आणि सेटिंग बदलण्याची मुभा) नसतील, तरीही वेगळं खातं पुरतं, फक्त फोल्डर योग्य जागी हवं. समोरची व्यक्तीच अ‍ॅडमिन असेल तर मात्र परमिशनचा उपयोग नाही, तिथे एन्क्रिप्शनच, म्हणजे किल्ली किंवा पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं फाइलचं रूपांतर, लागतं. आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला जाणं, विकला जाणं किंवा चोरीला जाणं ही भीती असेल तर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायला हवी. हे चार वेगळे धोके आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की तो फसतो, आणि मग वाटतं की कॉम्प्युटरवर काहीच सुरक्षित राहत नाही.

न टिकणारे उपाय

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हिडन'वर टिक करणं हा सगळ्यात प्रचलित उपाय. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' हा पर्याय चालू केला की ते फोल्डर फिकट रंगात समोर हजर. घरातल्या कुणी दुसऱ्याच कामासाठी तो पर्याय चालू केला असेल तरीही तेच होतं. तुमचं फोल्डर शोधायला कुणी निघालंच असेल असं नाही. 'अ‍ॅट्रिब' कमांडने सिस्टिम आणि हिडन असे दोन्ही गुणधर्म लावले तर ते थोडं जास्त दडतं. पण तेही फक्त दिसण्यापुरतंच. फोल्डरचा पत्ता टाइप केला तर ते सरळ उघडतं.

दुसरा उपाय म्हणजे नोटपॅडमध्ये चार ओळी चिकटवून बनवलेली बॅच फाइल (कमांडची यादी असलेली फाइल), जी चालवली की फोल्डर 'लॉक' होतं आणि पासवर्ड विचारते. अनेक वर्षं ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरतेय. प्रत्यक्षात ती फोल्डरचं नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनेलचा मुखवटा लावते आणि वर हिडनचा गुणधर्म चढवते. पासवर्ड त्या बॅच फाइलमध्येच साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. राइट-क्लिक करून 'एडिट' म्हटलं की वाचता येतो. आतल्या फाइल्सना तर हातही लागलेला नसतो. शाळकरी मुलांनाही तो वाचणं सहज जमतं, म्हणून महत्त्वाच्या कागदांसाठी हा मार्ग कुणीही वापरू नये असं मला कळकळीने वाटतं.

तिसरा प्रकार 'फोल्डर लॉक' नावाने मिळणाऱ्या असंख्य फुकट प्रोग्रॅम्सचा. सगळे वाईट नसतात, पण त्यातले बरेचसे फाइल एन्क्रिप्ट करत नाहीत, फक्त विंडोज चालू असताना वाट अडवतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं की सगळं उघडं. याच्या उलट, जे खरंच एन्क्रिप्ट करतात त्यांची पद्धत बरेचदा कुठे नोंदलेली नसते, त्यामुळे प्रोग्रॅम बंद पडला की फाइल्सही अडकतात. कोणताही असा प्रोग्रॅम घेताना एकच प्रश्न विचारा: हा प्रोग्रॅम काढून टाकला तर माझ्या फाइल्स कशा उघडतील? उत्तर सापडत नसेल तर तो नको.

खाती वेगळी करताना

सेटिंग्ज, अकाउंट्स, मग 'अदर युजर्स' किंवा 'फॅमिली अँड अदर युजर्स', आणि तिथे 'अ‍ॅड अकाउंट'. मायक्रोसॉफ्टचं खातं नको असेल तर 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' निवडून पुढे 'अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' घ्या. घरातल्या प्रत्येकाचं खातं 'स्टँडर्ड', म्हणजे हे जादा अधिकार नसलेलं, ठेवा. अ‍ॅडमिनचं एकच खातं असू द्या, तेही रोजच्या वापराचं नसलेलं. सॉफ्टवेअर टाकताना विंडोज त्याचा पासवर्ड विचारेल, तेवढ्यापुरता तो द्यायचा. व्हायरसच्या दृष्टीनेही हे बरं.

इथे एक अडचण हमखास येते. जुनं, सगळ्यांचं मिळून असलेलं खातं बहुधा अ‍ॅडमिन असतं आणि त्याला पासवर्ड नसतो. नवीन खाती झाली, पण जुनं तसंच राहिलं, तर त्या दारातून कुणीही तुमच्या फोल्डरपर्यंत पोहोचतं. स्टँडर्ड खात्याला दुसऱ्याचं युजर फोल्डर उघडता येत नाही. अ‍ॅडमिनला मात्र 'तुम्हाला परवानगी नाही' अशी चौकट दिसते आणि तिच्यातच 'कंटिन्यू' हे बटण असतं. ते दाबलं की त्याला त्या फोल्डरची कायमची परवानगी मिळते. एकदाच नव्हे, कायमची. काल बंद असलेलं फोल्डर आज कसं उघडलं, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. त्यामुळे जुन्या खात्याला पासवर्ड लावा किंवा ते स्टँडर्ड करा. स्टँडर्ड करण्याआधी दुसरं अ‍ॅडमिन खातं तयार आहे आणि त्याचा पासवर्ड चालतोय, याची खात्री करून घ्या.

वेगळ्या खात्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा उठताना स्क्रीन लॉक होते. विंडोजचं बटण आणि 'एल' एकत्र दाबायची सवय लावून घ्या, आणि स्क्रीन सेव्हरच्या सेटिंगमध्ये काही मिनिटांनी लॉगिन विचारण्याचा पर्यायही चालू ठेवा.

'खातं वेगळं केलं तरी दिसतंय': डी ड्राइव्हचा घोळ

याच मुद्द्यावर सर्वांत जास्त लोक अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वेगळ्या खात्याचं संरक्षण आपोआप मिळतं ते फक्त सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स' फोल्डरात, तुमच्या नावाच्या फोल्डरला. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे सगळे त्याच्या आत येतात. पण सी ड्राइव्ह भरू नये म्हणून बरेच जण सगळं डी ड्राइव्हवर ठेवतात. विंडोजमध्ये अशा ड्राइव्हवर मूळची परमिशन अशी असते की लॉगिन केलेल्या कोणत्याही खात्याला वाचता येतं, बदलता येतं, पुसताही येतं. तिथे केलेलं प्रत्येक नवं फोल्डर हीच परमिशन वारशाने घेतं. सी ड्राइव्हमधलं 'पब्लिक' फोल्डरही नावाप्रमाणे सगळ्यांसाठीच आहे.

सोपा उपाय म्हणजे खासगी फोल्डर उचलून स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये आणणं. जागेमुळे ते शक्य नसेल तर डी ड्राइव्हवरच त्या फोल्डरची परमिशन बदला. फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, अ‍ॅडव्हान्स्ड. आधी 'अ‍ॅड' करून स्वतःच्या खात्याचं नाव टाका आणि 'फुल कंट्रोल' द्या. हे आधीच करायचं. मग 'डिसेबल इन्हेरिटन्स' दाबा. विंडोज दोन पर्याय देईल, त्यातला परमिशनचं रूपांतर करून त्या तशाच ठेवणारा निवडा. आता यादीतून 'ऑथेंटिकेटेड युजर्स' आणि 'युजर्स' या नोंदी काढा. 'सिस्टिम' राहू द्या, नाहीतर बॅकअपसारखी कामं अडतात. शेवटी, आतल्या सगळ्या फाइल्सवर हीच परमिशन लावण्याच्या चौकटीवर, म्हणजे 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन'ने सुरू होणाऱ्या ओळीवर, टिक करा.

सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल तर त्या ड्राइव्हची फाइल्स साठवण्याची पद्धत (फॉरमॅट) एनटीएफएस नाही, एफएटी32 किंवा एक्सएफएटी आहे. या दोन्हींत खात्यानुसार परमिशनची सोयच नाही. पेन ड्राइव्ह आणि बाहेरून जोडायच्या बऱ्याच हार्ड डिस्क अशाच असतात.

या पद्धतीत परत परत उलटणाऱ्या दोन गोष्टी. पहिली 'डिनाय'ची टिक. लोक 'युजर्स' गटाला 'डिनाय' देतात आणि स्वतःच बाहेर पडतात, कारण त्या गटात आपणही असतो आणि नकार हा परवानगीपेक्षा वरचढ ठरतो. 'डिनाय'ला हात न लावता नको त्या नोंदी काढून टाकणं हीच नीट रीत. दुसरी गोष्ट फाइल हलवण्याची. फाइल कॉपी केली की ती नव्या जागेची परमिशन घेते. त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात 'मूव्ह' केली तर जुनी परमिशन सोबत राहू शकते. उघड्या फोल्डरातून खासगी फोल्डरात ओढून आणलेली फाइल म्हणून उघडीच राहण्याची शक्यता असते. बऱ्याच फाइल्स आत आणल्या की वरची 'रिप्लेस ऑल'ची टिक पुन्हा एकदा लावून घ्या.

समोरची व्यक्ती अ‍ॅडमिन असेल तर

अ‍ॅडमिनला फोल्डरची मालकीही स्वतःकडे घेता येते, त्यामुळे परमिशन कितीही बारकाईने लावली तरी ती त्याच्या मर्जीवर टिकते. इथे एन्क्रिप्शनकडे वळावं लागतं, आणि विंडोजमध्ये त्याची दोन नावं ऐकू येतात.

एक ईएफएस, म्हणजे निवडलेल्या फाइल-फोल्डरपुरतं एन्क्रिप्शन. विंडोज 2000 पासून असलेली ही सोय प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड बटणामागे, 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा' या टिकमध्ये आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत ती टिक फिकट दिसते, दाबता येत नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड नाही, ती सोय त्या आवृत्तीत दिलेलीच नाही. प्रो आवृत्तीत ती चालते. पण तिचं सर्टिफिकेट आणि किल्ली बाहेर जपून ठेवली नसेल, आणि अ‍ॅडमिनने तुमचा पासवर्ड जबरदस्तीने बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं, तर फाइल्स तुम्हालाही उघडत नाहीत. शिवाय फाइलची नावं सगळ्यांना दिसत राहतात.

दुसरं बिटलॉकर. ते पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतं आणि चोरी किंवा दुरुस्तीच्या वेळी फार मोलाचं आहे. पण कॉम्प्युटर सुरू होऊन ड्राइव्ह उघडला की तो सगळ्याच खात्यांसाठी उघडतो. घरातल्या घरात एकमेकांपासून जपण्यासाठी ते बनलेलंच नाही. बिटलॉकर लावूनही भावाला फोल्डर दिसतं, ही तक्रार त्यातूनच येते. ते लावलंत तर 48 अंकी रिकव्हरी की कॉम्प्युटरच्या बाहेर ठेवा.

सामायिक घरासाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो व्हेराक्रिप्टचा मार्ग. 2014 मध्ये ट्रूक्रिप्टचं काम थांबलं. त्याच्याच पायावर उभा राहिलेला हा प्रोग्रॅम मोफत आहे, त्याचा सोर्स कोड सगळ्यांना वाचता येतो, आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. 'क्रिएट व्हॉल्यूम', मग 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर', मग 'स्टँडर्ड' निवडून जागा, आकार आणि पासवर्ड द्यायचा. 4 जीबीपेक्षा मोठ्या फाइल्स ठेवणार का असं विचारलं आणि व्हिडिओ वगैरे ठेवायचे असतील, तर 'येस' म्हणा. एक मोठी फाइल तयार होते. ती 'माउंट' केली की नवा ड्राइव्ह म्हणून दिसते, काम संपलं की 'डिसमाउंट' करायची. नव्या आवृत्त्यांत त्या बटणावर 'अनमाउंट' लिहिलेलं दिसेल. बंद असताना अ‍ॅडमिनलाही आत काय आहे ते समजत नाही.

तीन ठिकाणी लोक अडतात. माउंट केलेला ड्राइव्ह तसाच ठेवून 'स्विच युजर' केलं तर दुसऱ्या खात्यालाही तो ड्राइव्ह दिसतो. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये लॉग-ऑफ झाल्यावर, स्क्रीन लॉक झाल्यावर आणि काही वेळ वापर नसल्यावर आपोआप बंद करण्याच्या टिका लावून ठेवा. दुसरं, क्लाउडमध्ये ठेवलेली कंटेनर फाइल सिंक होत नाही: व्हेराक्रिप्ट मूळ स्थितीत कंटेनरची 'बदल केल्याची वेळ' आहे तशी ठेवतो, त्यामुळे काही बदललंय हे सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही. वेळ जपण्याची ती टिक प्रेफरन्सेसमधून काढा. तिसरं, कंटेनर ही बाहेरून एक फाइल आहे आणि फाइल कुणीही पुसू शकतं. आतलं वाचता येत नाही म्हणून ती सुरक्षित, असं धरू नका. तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

दोन-चार कागदच जपायचे असतील तर एवढा खटाटोप नको. वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' आहे. किंवा 7-झिपमध्ये 7झेड प्रकार निवडून पासवर्ड द्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा, नाहीतर नावं वाचता येतात. त्यातली फाइल दुहेरी क्लिक करून उघडली की तिची तात्पुरती प्रत टेम्प फोल्डरात जाते आणि कधीकधी तिथेच राहून जाते, हे लक्षात असू द्या.

अ‍ॅडमिन जर जाणूनबुजून पाळत ठेवणारा असेल, तर तो कीबोर्डवरची टायपिंग नोंदवणारा प्रोग्रॅमही टाकू शकतो. तसा संशय असेल तर त्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाइप करू नका आणि खासगी काम दुसऱ्या उपकरणावर करा. त्याला तोड नाही.

फोल्डर बंद, पण मजकूर बाहेर

कुलूप पक्कं असूनही गोष्टी कळतात तेव्हा ही ठिकाणं बघा. मूळ फाइल कंटेनरमध्ये 'कॉपी' केली आणि आधीची जागच्या जागी राहिली, किंवा रिसायकल बिनमध्ये पडली. एक्सप्लोररच्या 'क्विक अ‍ॅक्सेस'मध्ये आणि वर्डच्या 'रीसेंट' यादीत फाइलचं नाव उरलं. ब्राउझरच्या डाउनलोड फोल्डरात दुसरी प्रत आहे. आणि सगळ्यात न सुचणारं कारण म्हणजे वनड्राइव्ह: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांचा बॅकअप चालू असेल आणि तेच मायक्रोसॉफ्ट खातं घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर असेल, तर कॉम्प्युटरला हात न लावता तिथे सगळं दिसतं. ज्या मोबाइल नंबरवर पासवर्ड बदलण्याचा कोड येतो, तो नंबर कुणाचा आहे हेही याच वेळी तपासा.

स्वतःच बाहेर अडकलात तर

परमिशन चुकली असेल तर घाबरू नका, अ‍ॅडमिन खात्यातून अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटीमध्ये 'ओनर'समोरचं 'चेंज' दाबून मालकी घ्या आणि पुन्हा परमिशन द्या. विंडोज नव्याने टाकल्यावर तेच नाव देऊनही फोल्डर उघडत नाही, कारण परमिशन नावाला चिकटलेली नसते. प्रत्येक खात्याच्या पोटात 'एस-1-5-21' असा सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला ती चिकटते. नव्या खात्याचा क्रमांक वेगळा असतो. इथेही मालकी घेतली की काम होतं. व्हेराक्रिप्टचा किंवा 7-झिपचा पासवर्ड विसरला तर मात्र मागची वाट नाही, त्यामुळे तो कागदावर लिहून कॉम्प्युटरपासून दूर, विश्वासाच्या जागी ठेवा. घरात डोकावणाऱ्यांपेक्षा विसरलेल्या पासवर्डमुळे फोटो कायमचे गेल्याचं दुःख मोठं असतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर वेगळी खाती करा, आणि त्यावर जास्त हवं असेल तर डिस्क युटिलिटीमध्ये 'फाइल', 'न्यू इमेज' घेऊन 128 किंवा 256 बिट एन्क्रिप्शनची डिस्क इमेज बनवा. वापर व्हेराक्रिप्टच्या कंटेनरसारखाच. ती उघडताना पासवर्ड कीचेनमध्ये (मॅकच्या पासवर्ड साठवणीत) साठवण्याची टिक लावू नका. फाइलव्हॉल्टचं बिटलॉकरसारखंच आहे, ते चोरीसाठी. लिनक्समध्ये उबंटूच्या 21.04 पासून नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना बंद असतं. त्याआधीच्या आवृत्तीतून चालत आलेलं असेल तर फोल्डरला 'सीएचमॉड 700' (फक्त मालकालाच परवानगी देणारी कमांड) द्या. 'सुडो', म्हणजे अ‍ॅडमिनसारखे अधिकार, असलेल्याला तेही अडवत नाही.

झालं का, हे कसं बघायचं

तुमच्या खात्यातून लॉग-ऑफ करा. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला विचारून, तिच्या समोरच, तिच्या खात्यातून प्रयत्न करा: एक्सप्लोररमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता टाइप करून बघा, स्टार्ट मेनूच्या शोधात तुमच्या एखाद्या फाइलचं नाव टाका, डी ड्राइव्हवर हिडन आयटम्स चालू करून बघा. 'परवानगी नाही' असं आलं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला, तर परमिशन बरोबर बसली. सरळ उघडलं तर फोल्डरची जागा किंवा वारशाने आलेली परमिशन चुकली आहे, डी ड्राइव्हच्या भागापासून पुन्हा सुरू करा. 'कंटिन्यू'चं बटण स्टँडर्ड खात्यालाही दिसतं, म्हणून ते दाबण्याआधी सेटिंग्जमध्ये त्या खात्याचा प्रकार बघा; शक्यता आहे की ते खातं अजून अ‍ॅडमिन आहे. तसं असेल तर बटण न दाबता बाहेर या आणि आधी त्या खात्याचा प्रकार बदला.